जीनोमच्या फाइलमध्ये कॅन्सरचा वारसा शोधताना: कुठे बघायचं, कुठे फसायला होतं

फुटाळा_काठ (धागाकर्ता)

एक्सोम (जीनोममधला मुख्यतः प्रथिनं घडवणारा भाग) किंवा अख्ख्या जीनोमची (म्हणजे सगळ्या डीएनएची) तपासणी केली की रिपोर्टसोबत बहुतेकदा कच्ची फाइलही मागून घेता येते. ती हातात आली की घरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यात बीआरसीए आहे का, ते आपणच बघू शकतो का?" (बीआरसीए१ आणि २ ही जनुकं बिघडली की मुख्यतः स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.) बघता येतं. पण फाइलमध्ये काही न सापडणं आणि शरीरात काही नसणं यांत मोठं अंतर आहे. ते अंतर कुठे पडतं, हे एका जागी मराठीत लिहून ठेवावं म्हणून हा धागा.

आपल्याकडे विदर्भात सिकलसेलमुळे 'वाहक' हा शब्द घराघरात माहीत आहे. आईवडील दोघंही एएस (एक प्रत बिघडलेली) असले तर मूल एसएस (दोन्ही प्रती बिघडलेल्या) होण्याची शक्यता चारात एक, आणि नुसत्या एएस माणसाला सहसा त्रास नाही. कॅन्सरच्या बहुतेक जनुकांचं गणित असं नाही. बीआरसीए१ ची एकच बिघडलेली प्रत वारशाने आली तरी धोका वाढतो आणि प्रत्येक अपत्याकडे ती जाण्याची शक्यता दोनात एक असते. जन्मभरात एखाद्या पेशीतली दुसरी, चांगली प्रतही बिघडते आणि तिथून गाठीची सुरुवात होते. म्हणून इथे 'मी नुसता वाहक आहे' असं म्हणून सुटका नाही.

आता फाइल. व्हीसीएफ ही बदलांची यादी असलेली फाइल. तिच्यात एकेक ओळ म्हणजे संदर्भ जीनोमपेक्षा (तुलनेसाठी ठरवलेल्या मानक क्रमापेक्षा) वेगळं निघालेलं एकेक ठिकाण. अख्ख्या जीनोमात अशा ४० ते ५० लाख ओळी येतात, एक्सोमच्या प्रथिनं घडवणाऱ्या भागात साधारण २० ते २५ हजार. आकडा याच्या निम्मा किंवा दुप्पट दिसला तर पुढे जाऊच नका, आधी लॅबला विचारा.

पहिलं काम म्हणजे फाइलच्या मथळ्यात संदर्भ जीनोम कोणता ते वाचणं. जीआरसीएच३७ हा २००९ चा, जीआरसीएच३८ हा २०१३ चा. दोन्हींत जागांचे क्रमांक वेगळे आहेत. ३७ ची फाइल ३८ च्या क्लिनव्हारशी (बदल घातक की निरुपद्रवी, याचे शेरे असलेल्या सार्वजनिक संग्रहाशी) जुळवली तर कुठलाही इशारा येत नाही, फक्त काही सापडत नाही. तसाच दुसरा सापळा गुणसूत्राच्या नावाचा आहे. एका फाइलमध्ये नुसतं '१७' आणि दुसरीत 'सीएचआर१७' असलं की जुळणी रिकामी येते, आणि माणूस समजतो की सगळं ठीक आहे.

दुसरं काम, बीसीएफटूल्स या सॉफ्टवेअरच्या 'नॉर्म' आदेशाने फाइल सारखी करून घेणं. एकाच ओळीत दोन पर्याय असतील तर ते वेगळे करायचे आणि गाळलेली-घातलेली अक्षरं डावीकडे सरकवून एका ठरावीक जागी आणायची. तीच दोन अक्षरं गळालेली असताना दोन सॉफ्टवेअर ती दोन वेगळ्या जागी दाखवू शकतात. बीआरसीए१ मधल्या घातक बदलांत अशी गाळगळ पुष्कळ असते, त्यामुळे ही पायरी टाळली की नेमके तेच हातून सुटतात.

मग व्हेपसारख्या साधनाने प्रत्येक ओळीला जनुक, प्रथिनावरचा परिणाम, नोमॅडमधलं (लाखो लोकांच्या जीनोमच्या संग्रहातलं) प्रमाण आणि क्लिनव्हारचा शेरा जोडायचा. त्यानंतर जनुकांची यादी लावून गाळायचं. सुरुवातीला एवढी पुरते: बीआरसीए१, बीआरसीए२, पाल्ब२, टीपी५३, एटीएम, चेक२, पीटेन, सीडीएच१, एसटीके११, रॅड५१सी, रॅड५१डी, एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२, एपकॅम, एपीसी, म्यूटीवायएच.

---

पेशीवाचक

उत्तम सुरुवात. सगळ्यात आधी एक चाचणी सुचवतो, आपल्या भागात ती सहज जमते.

घरात कुणाचा सिकलसेल रिपोर्ट एएस असेल आणि त्याच व्यक्तीची जीनोम फाइल असेल, तर ११ व्या गुणसूत्रावर एचबीबी जनुकातला तो एक बदल शोधा. जीआरसीएच३८ मध्ये जागा ५२२७००२, जीआरसीएच३७ मध्ये ५२४८२३२. पुस्तकात हा बदल 'ए च्या जागी टी' असा दिलेला असतो, फाइलमध्ये मात्र 'टी च्या जागी ए' दिसेल. चूक नाही ती. एचबीबी उलट्या पट्टीवर वाचला जातो आणि व्हीसीएफ नेहमी सुलट पट्टी दाखवते. बीआरसीए१ सुद्धा उलट्याच पट्टीवर आहे, त्यामुळे हा घोळ पुढे पुन्हा भेटणारच आहे. इथे नीट समजून घेतला की तिथे अडखळायला होत नाही.

रिपोर्ट एएस आणि फाइलमध्ये ही ओळ नाही, असं झालं तर संदर्भ जीनोम चुकला आहे, जुळणी बिघडली आहे, त्या जागी वाचनच झालेलं नाही किंवा नमुनाच दुसऱ्या कुणाचा आहे. चारपैकी काहीही असलं तरी त्या फाइलमध्ये कॅन्सरचं जनुक शोधण्यात अर्थ नाही. ओळ सापडली, तरी त्यातून एका अक्षराचे बदल नीट पकडले गेले एवढंच कळतं. मोठा तुकडा गळालेला असला तर तो पकडला गेला की नाही, ते यातून कळत नाही.

---

गणेशपेठकर

भाऊ, एक शंका. बीआरसीए१ लावून गाळलं तरी दहा-वीस ओळी येऊन राहिल्या, बीआरसीए२ च्या त्याहून जास्त. आता यातली घाबराची कोणती अन् सोडून द्याची कोणती? माणूस तर नावच पाहून हादरते.

---

पेशीवाचक

@गणेशपेठकर, नावाला घाबरू नका. प्रत्येकाच्या बीआरसीएमध्ये बदल असतात. बीआरसीए१ चे चार बदल तर सहसा जोडीनेच फिरतात: ८७१ व्या जागी प्रोलीनऐवजी ल्युसीन, १०३८ ला ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लायसीन, ११८३ ला लायसीनऐवजी आर्जिनीन, १६१३ ला सेरीनऐवजी ग्लायसीन. जगभर कोट्यवधी लोकांत हे आहेत आणि निरुपद्रवी आहेत. बीआरसीए२ मध्ये २४६६ व्या जागी व्हॅलीनऐवजी ॲलानीन दिसेल, तेही बहुधा दोन्ही प्रतींत. जवळपास सगळ्यांमध्ये ते असंच असतं. संदर्भासाठी घेतलेल्या क्रमातच विरळा आढळणारं अक्षर आलं आहे, एवढंच त्याचं कारण.

म्हणून पहिली चाळणी प्रमाणाची. नोमॅडच्या कुठल्याही मोठ्या गटात १ टक्क्याहून जास्त असलेला बदल या जनुकांत जवळजवळ कधीच मोठ्या धोक्याचा नसतो. ०.१ टक्क्यावर आणलं की ओळी आणखी कमी होतात.

दुसरी चाळणी परिणामाची. अकाली थांबा (प्रथिन मधेच तुटणं), चौकट सरकणं (अक्षरं गळून किंवा घुसून पुढचं सगळं वाचन बिघडणं), एक्सॉनच्या (जनुकातल्या प्रथिन घडवणाऱ्या तुकड्याच्या) कडेला लागून बाहेरची पहिली दोन अक्षरं बिघडणं, हे आधी पाहा. पण इथेही आंधळेपणा नको. बीआरसीए२ मध्ये ३३२६ व्या जागी लायसीनऐवजी थांबा येणारा एक बदल आहे. कुठलंही सॉफ्टवेअर त्यावर लाल खूण करतं. प्रत्यक्षात प्रथिन एकूण ३४१८ अमिनो आम्लांचं आहे, शेवटचा तेवढा तुकडा गेला तरी मुख्य काम चालतं, आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी हा बदल बीआरसीए२ चा घातक बदल म्हणून धरत नाहीत. थांबा आहे यापेक्षा थांबा कुठे आहे, हे महत्त्वाचं.

तिसरी चाळणी क्लिनव्हारची, आणि तिथे शेऱ्यासोबत तारे पाहा. तीन तारे म्हणजे तज्ज्ञ मंडळाने तपासलेला. एक तारा म्हणजे एखाद्याच लॅबचं मत असू शकतं किंवा लॅबांमध्ये मतभेद असू शकतात. शून्य ताऱ्याच्या 'पॅथोजेनिक' (घातक) शेऱ्यावर झोप उडवून घेऊ नका.

---

रेशीमबाग_लॅब

वरचं सगळं बरोबर, पण ते फाइलमध्ये जे आहे त्याबद्दल झालं. जे फाइलमध्ये येतच नाही त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण खरी फसगत इथे होते.

साध्या व्हीसीएफमध्ये फक्त बदल असतात. एखादी जागा तिथे नाही याचे अर्थ दोन: वाचलं आणि ठीक निघालं, किंवा वाचलंच गेलं नाही. दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून लॅबकडून नुसती व्हीसीएफ नको, बॅम किंवा क्रॅम फाइलही (यात सगळी मूळ वाचनं असतात) मागा. मॉसडेप्थसारख्या साधनाने वरच्या यादीतल्या प्रत्येक एक्सॉनवर किती वेळा वाचन झालं ते काढा. २० पेक्षा कमी वेळा वाचलेला भाग 'तपासला नाही' असाच धरायचा. कॅन्सरचं खास पॅनल (फक्त ठरावीक जनुकांची तपासणी) असेल तर १०० आणि त्याहून जास्त खोली (म्हणजे वाचनांची संख्या) अपेक्षित असते.

दुसरी आंधळी जागा मोठ्या तुकड्यांची. अख्खा एक्सॉन, कधी पाच-सहा एक्सॉन एका प्रतीतून गायब असतात. दुसरी प्रत शाबूत असल्याने तिथलं वाचन सुरळीत दिसतं, फक्त निम्मं होतं. साधं व्हेरिएंट शोधणारं सॉफ्टवेअर याकडे बघतच नाही. त्यासाठी वाचनाच्या खोलीची इतर नमुन्यांशी तुलना करावी लागते आणि मग एमएलपीए या वेगळ्या चाचणीने पक्कं करावं लागतं. रिपोर्टमध्ये 'मोठ्या गाळण्या (तुकडे गळणं) आणि दुपटी (तुकडे दुप्पट होणं) तपासल्या' हे वाक्य आहे का ते वाचा. नसेल तर ते काम झालेलं नाही असं समजा.

तिसरी, जुळ्या क्रमांची. पीएमएस२ च्या शेवटच्या एक्सॉनांसारखाच हुबेहूब एक निकामी तुकडा सातव्या गुणसूत्रावरच आहे. छोटे वाचलेले तुकडे कुणाचे, हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही. खरा बदल निकामी तुकड्याच्या माथी जातो किंवा निकामी तुकड्यातला फरक खऱ्या जनुकाच्या नावावर चढतो. चेक२ च्या शेवटच्या भागातही असंच होतं. या दोन जनुकांत काही सापडलं तर लांब पीसीआर किंवा लांब वाचनाच्या पद्धतीने पुन्हा तपासल्याशिवाय कुणालाही सांगू नका.

चौथी, एमएसएच२ मधली उलटापालट. एक्सॉन १ ते ७ चा भाग धरून जवळपास १ कोटी अक्षरांचा तुकडा उलटा बसतो. त्याची दोन्ही टोकं एक्सॉनच्या बाहेर पडतात, त्यामुळे एक्सोममध्ये तो दिसणं शक्यच नाही.

आणि नमुन्याबद्दल. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी, ३ ते ५ मिली रक्त. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी नको, हेपॅरिन पीसीआरमध्ये अडथळा आणतं. भरल्यावर नळी आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करा, नाहीतर गुठळी होते. फ्रीजमध्ये ४ अंशाला ठेवा, गोठवू नका. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि बंद गाडीत त्याहून जास्त. तेव्हा जेल पॅकसह थर्माकोलच्या डब्यात आणि आठवड्याच्या सुरुवातीला पाठवा. शुक्रवारी संध्याकाळी दिलेला डबा रविवारभर कुठेतरी पडून राहतो आणि हाती येतो तो तुटलेला डीएनए. त्यातून वाचनाची खोली एकसारखी येत नाही, मग मोठ्या गाळण्यांचे खोटे इशारे मिळतात.

---

अंबाझरी_सकाळ

रक्तावरून एक भर. जन्मजात बदलात निम्मी वाचनं बदललेली आणि निम्मी मूळची, म्हणजे ५० टक्क्यांच्या आसपास दिसायला हवीत. ४० ते ६० धरा. टीपी५३ मध्ये १५-२० टक्केच दिसलं तर तो वारसा असेलच असं नाही. वय वाढतं किंवा केमो झालेली असते तेव्हा रक्तपेशींच्या एखाद्या गटात टीपी५३ चा बदल नव्याने होतो आणि तो गट वाढत जातो. रक्त तपासलं की तो दिसतो, पण मुलांकडे जात नाही. अशा वेळी त्वचेचा छोटा तुकडा घेऊन, पेशी वाढवून, तिथे तपासतात. लाळेने हा प्रश्न सुटत नाही, कारण लाळेतही रक्तातल्याच पांढऱ्या पेशी पुष्कळ असतात. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या रक्तात तर डीएनए दात्याचा असतो, तिथे त्वचेशिवाय पर्याय नाही.

---

वंशवृक्ष

फाइल उघडायच्या आधीचं काम इथे कुणी लिहिलेलं नाही. तीन पिढ्यांचा कागद काढा.

आपल्याकडे माहिती कशी मिळते ते बघा. "आजीला पोटात पाणी झालं होतं, त्यातच गेली." हा अंडाशयाचा कॅन्सर असू शकतो, यकृताचा आजारही असू शकतो. "पिशवीचा कॅन्सर" म्हणजे गर्भाशयाचं तोंड, गर्भाशय की अंडाशय? तिन्हींचा अर्थ वेगळा. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो, तो या शोधात मोजायचा नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा असेल तर लिंच सिंड्रोम (आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा वारसा) डोक्यात यायला हवा. अंडाशयाचा असेल तर बीआरसीए. त्यामुळे ऐकीव माहितीवर न थांबता जुना हिस्टोपॅथॉलॉजी (गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा) रिपोर्ट शोधा. तो हरवला असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजी विभागात गाठीचा मेणात बसवलेला तुकडा (ब्लॉक) अजून असू शकतो. अर्ज देऊन विचारा.

'आजी' एवढंच लिहू नका, आईची आई की वडिलांची आई ते लिहा. आत्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. ती लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली, आडनाव बदललं, म्हणून कुणी मोजत नाही. बीआरसीए वडिलांकडूनही तितकाच येतो. वडिलांना काही झालेलं नसतं, पण त्यांच्या बहिणीला चाळिशीत गाठ झालेली असते. धागा तिथे सापडतो.

आणि पहिली तपासणी कुणाची? ज्याला कॅन्सर झाला त्याची. निरोगी मुलीची फाइल स्वच्छ निघाली आणि आईची तपासणीच झालेली नसली, तर त्या स्वच्छ फाइलचा अर्थ लावता येत नाही. आईत घातक बदल सापडला आणि मुलीत तोच बदल नाही असं दिसलं, तर मात्र मुलीचं उत्तर खरंखुरं 'नाही' असतं.

---

गणेशपेठकर

ताई, हे काहीजण घरी थुंकीची नळी मागवते अन् ॲपवर रिपोर्ट पाहते. त्याचा कच्चा डेटा उतरवून बीआरसीए शोधला तर चालते का?

---

फुटाळा_काठ

चालत नाही. त्या चाचण्यांत सहसा चिप वापरतात आणि तिच्यावर आधी ठरवलेल्या काही लाख जागाच वाचल्या जातात. बीआरसीए१ आणि २ मिळून हजारो घातक बदल माहीत आहेत. अमेरिकेत २०१८ मध्ये एका घरगुती चाचणीला परवानगी मिळाली ती बीआरसीएच्या फक्त तीन बदलांसाठी, आणि ते तिन्ही प्रामुख्याने अश्केनाझी ज्यू समाजात आढळणारे. त्यातला १८५डेलएजी भारतातही सापडलेला आहे, पण बाकी सगळं तसंच तपासायचं राहतं.

उलट बाजूही वाईट आहे. विरळा बदल चिपला नीट ओळखता येत नाहीत. यूके बायोबँकच्या नमुन्यांवर २०२१ मध्ये जी तुलना झाली, तिच्यात चिपने दाखवलेल्या बीआरसीएच्या विरळा घातक बदलांपैकी पूर्ण वाचनाने खरे ठरले ते ५ टक्क्यांहून कमी. कच्च्या डेटावर विसंबून कुणीही सर्जनकडे जाऊ नये.

---

धरमपेठ_डेटा

मला वाटतं व्हीयूएसबद्दल (घातक की निरुपद्रवी हे अजून न ठरलेल्या बदलांबद्दल) आपण जास्तच सावध आहोत. अंदाज सांगणारी साधनं आता बरीच चांगली आहेत. स्कोअर वर असेल आणि नोमॅडमध्ये तो बदल कुठेच नसेल, तर त्याला धोकादायकच का धरू नये?

---

पेशीवाचक

@धरमपेठ_डेटा, असहमत, आणि कारण आपल्याशी थेट संबंधित आहे. नोमॅडमध्ये दक्षिण आशियाई नमुने युरोपीय नमुन्यांच्या मानाने फार थोडे. त्यातही भारतात शेकडो समाज पिढ्यान्‌पिढ्या आपापसात लग्न करणारे. एखाद्या समाजात शंभरात एकाकडे असलेला निरुपद्रवी बदल नोमॅडमध्ये शून्य दिसू शकतो. इंडिजेन या भारतीय संग्रहात १०२९ जीनोम आहेत, जीनोमइंडियाने सुमारे १० हजारांचं काम केलं, तिथे जरूर पाहा. पण 'सापडला नाही' याला बदलांच्या वर्गीकरणासाठी एसीएमजी या अमेरिकी संस्थेने २०१५ मध्ये केलेल्या नियमांत मिळणारं वजन पुढे कमीच करत आणलं आहे, आणि अंदाजाचा स्कोअर हाही एकट्याने निकाल लावणारा पुरावा नाही. ज्यांचं पुढे पुन्हा वर्गीकरण होतं, त्या व्हीयूएसपैकी बहुसंख्य निरुपद्रवी ठरतात. व्हीयूएसवर अंडाशय काढायचे नसतात. त्या कुटुंबाची देखरेख घरातल्या कॅन्सरच्या इतिहासावरून ठरवायची, आणि दीड-दोन वर्षांनी लॅबला लेखी विचारायचं, वर्गीकरण बदललं का.

---

धरमपेठ_डेटा

समाजातल्या प्रमाणाचा मुद्दा पटला. मग एकाच कुटुंबात ज्यांना कॅन्सर झाला त्या सगळ्यांत तो बदल आहे का, हे तपासलं तर?

---

पेशीवाचक

तो खरा पुरावा, पण दोघंतिघं पुरत नाहीत. दोन बहिणींत तोच बदल असणं योगायोगानेही निम्म्या वेळा घडतं. लांबच्या नात्यातली माणसं जास्त उपयोगी, म्हणजे चुलत आत्या, वडिलांचे मावसभाऊ.

---

मानेवाडा_रोड

नागपुरात तोंडाचे कॅन्सर एवढे दिसतात, एकेका घरात दोघंतिघं. त्यांनीही हे पॅनल करावं का?

---

अंबाझरी_सकाळ

आधी घरात खर्रा किती आहे ते विचारा. तंबाखू, सुपारी, चुना. यातली सुपारी एकटीसुद्धा कॅन्सरकारक आहे. बाप आणि दोन मुलगे तिघंही खात असतील, तर तिथे वारसा सवयीचा आहे. वरच्या यादीतली जनुकं तोंडाच्या कॅन्सरचं नेहमीचं कारण नाहीत. अपवाद आहे: कसलंही व्यसन नाही, वय कमी, लहानपणापासून रक्तपेशी कमी, उंची कमी किंवा अंगठ्यात दोष. तिथे फॅन्कोनी ॲनिमियाचा विचार करतात. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत तर विशेष लक्ष ठेवा, कारण तो बहुधा दोन्ही प्रती बिघडल्यावरच होतो. म्यूटीवायएचचा आतड्यातल्या पॉलिपचा (कोंबांसारख्या गाठींचा) आजारही तसाच. या जनुकांपुरतं सिकलसेलचंच गणित लागू पडतं.

---

रेशीमबाग_लॅब

आतड्याच्या कॅन्सरसाठी जनुकं वाचायच्या आधी गाठच तपासा, स्वस्त आणि नेमकं पडतं. ब्लॉकवर चार प्रथिनांचं इम्युनो (प्रथिन आहे की गायब, ते रंगवून पाहणं) करतात: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. एमएसएच२ आणि एमएसएच६ दोन्ही गायब असतील तर लिंचची शक्यता भरपूर, मग रक्ताकडे वळायचं. एमएलएच१ आणि पीएमएस२ गायब असतील तर थांबा. आधी गाठीत बीआरएएफ व्ही६००ई हा बदल किंवा एमएलएच१ चं मेथिलेशन (रासायनिक खुणेमुळे जनुक बंद पडणं) तपासा. ते सापडलं तर बहुतेक वेळा तो वारशाचा आजार नसतो, वयोमानाने झालेला असतो.

गाठीवर केलेल्या बीआरसीए रिपोर्टचंही तसंच. गाठीत सापडलेला बदल जन्मजात आहे की फक्त गाठीतला, ते रक्त तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

---

मानेवाडा_रोड

आणि खरोखर पॅथोजेनिक निघालं तर? नागपुरातून पुढे कुठे जायचं?

---

वंशवृक्ष

आधी नवा नमुना घेऊन, मान्यताप्राप्त लॅबमध्ये सँगर पद्धतीने तोच एक बदल पक्का करायचा. नळ्यांची अदलाबदल होते, म्हणून जुन्याच डीएनएवर पक्कं केलेलं पुरेसं नाही. नागपुरात जामठ्याचं राष्ट्रीय कर्करोग संस्थान, तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आणि मिहानमधलं एम्स आहे, तिथल्या ऑन्कोलॉजिस्टला मूळ रिपोर्ट दाखवा. वारशाच्या कॅन्सरसाठी स्वतंत्र क्लिनिक हवं असेल तर टाटा मेमोरियलचं खारघरला ॲक्ट्रेकमध्ये आहे. जाताना वंशवृक्षाचा कागद, मूळ हिस्टोपॅथॉलॉजी आणि बॅम फाइलची प्रत न्या.

आकडे समजून घ्या. २०१७ च्या मोठ्या अभ्यासात ८० व्या वर्षापर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका बीआरसीए१ मध्ये ७२ टक्के आणि बीआरसीए२ मध्ये ६९ टक्के आला, अंडाशयाचा अनुक्रमे ४४ आणि १७. म्हणजे दोन्ही जनुकांचा सल्लाही एक नाही. स्तनांची वार्षिक एमआरआय पंचविशीपासून, मॅमोग्राम तिशीपासून. अंडाशय आणि नलिका काढण्याचा विचार बीआरसीए१ मध्ये साधारण ३५ ते ४० वयात, बीआरसीए२ मध्ये ४० ते ४५ पर्यंत थांबता येतं, अर्थात मुलं झाल्यावर. नात्यातल्यांना अख्खं पॅनल करायची गरज नसते. फक्त तोच एक बदल तपासायचा, खर्च खूपच कमी येतो.

विम्याचाही आधी विचार करा. जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या अमेरिकेच्या २००८ च्या जीना कायद्यासारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे प्रस्तावातले प्रश्न नीट वाचून मगच सही.

---

गणेशपेठकर

समजलं ताई. एक शेवटचं. घरात बीआरसीए निघाला तर बारा-तेरा वर्षांच्या पोरीचीही आताच करून घ्याची का? बाया म्हणते, एकदाचं समजून तर जाईल.

---

वंशवृक्ष

नाही. बीआरसीएसाठी १८ च्या आत तपासत नाहीत, कारण त्या वयात करण्यासारखं काही नसतं आणि तो निर्णय तिचा आहे. टीपी५३ आणि एपीसी वेगळे. टीपी५३ मध्ये लहानपणीच गाठी होतात म्हणून देखरेख जन्मापासून असते. एपीसी असलेल्या घरात आतड्याची दुर्बीण तपासणी १० ते १२ वर्षांपासून सुरू करतात, तेव्हा तिथे मुलांची तपासणी त्याच्या आधी करून घ्या.